भागाबाईने ताऱ्याचं विचारलं

दगाच्या घरातला कापूस त्या वर्षी इतका ऊबदार झाला होता, की गल्लीतल्या बायांनी चुलीशेजारी दूध विरजायचं सोडून दिलं. पौषाच्या थंडीत बुऱ्हाणपुरात दही लागता लागत नाही. शेजारची मालूबाई संध्याकाळी झाकणीचं भांडं घेऊन यायची, कोपरापर्यंत हात ढिगात खुपसून ते आत ठेवायची, आणि सकाळी काढायची तर दही असं की विळीवर चिरावं. लोटू न्हाव्यानं तर अंडं ठेवून पाहिलं. आधी तो सांगे की तासाभरात उकडलं. आठवड्यानं सांगू लागला की उकडलं कुठं, पिल्लू निघालं, आणि त्या पिलाला थंडी कशाशी खातात तेच ठाऊक नाही, पहाटे तापीत डुंबून येतं. लोटूच्या बोलण्यातून निम्मं वजा करावं लागे, पण उरलेलं निम्मंही काही थोडं नव्हतं.

एरवी संक्रांतीपर्यंत कापूस घरात राहतच नसे. दिवाळी झाली की आडत्या लीलाधर गाड्या लावायचा आणि खोल्या रिकाम्या व्हायच्या. पण त्या नोव्हेंबरात राज्य बदललं. नागपूरची राजधानी गेली, भोपाळची आली. ज्या मलकापुराकडे आजाच्या काळापासून गाड्या जात, ते झोपेतून उठेपर्यंत परराज्यात गेलं. कोणी म्हणे नाक्यावर कापूस अडवतात. कोणी म्हणे आता कागद हिंदीत लागतो. कोणी म्हणे हे काही टिकायचं नाही, होळीपर्यंत सगळं पहिल्यासारखं होतंय. लीलाधर म्हणाला, थांबा. माणसं थांबली. कापूसही थांबला, दगाच्या मधल्या खोलीत, खालपासून आढ्यापर्यंत.

आता घरात थांबलेला कापूस सुकतो, आणि सुकला की काट्यावर हलका भरतो. म्हणून राजघाटाकडे उतरणाऱ्या त्या गल्लीत एक रीत होती. कापसाचा एक थर पसरला की केरसुणी पाण्यात बुडवून त्यावर शिंपण करायचं, मग पुढचा थर. शिंपत सगळेच होते, आणि आपण शिंपत नाही अशी शपथही सगळेच घेत होते. दगाचं शिंपण दोन घागरींचं. बापानं शिकवलेलं, वर थेंब नाही.

पण डिसेंबर सरला तरी लीलाधर फिरकला नाही, आणि दगाची बायको भागाबाई हिला वाटू लागलं की ढीग डोळ्यांदेखत हलका होतोय. एका दुपारी दगा केळीला पाणी द्यायला मळ्यात गेला होता. तिनं बांबू घेतला, ढिगाच्या कडेनं खुपसून भोकं पाडली आणि एकेक करत सहा घागरी पाणी आत ओतलं. नवऱ्याला सांगितलं नाही. माप झालं की सांगू, हसेल तो, असं मनाशी ठरवून तिनं भोकं बुजवली आणि बांबू परसात पुसून ठेवला.

आठ दिवसांत ढीग कोमट झाला. गल्ली खूश झाली. आणि त्याच सुमाराला दगाला हिवताप धरला.

दिवसाआड थंडी भरायची. दात असे वाजायचे, की पलीकडच्या बोळातला भजनी मंडळाचा तबलजी हात थांबवून ठेका ऐकायचा. चार गोधड्या झाल्या, घोंगडी झाली, शेगडी झाली. शेवटी दगानं शिडी लावली, ढिगावर चढला, आढ्याखाली अंगापुरता खड्डा करून त्यात शिरला, आणि खाली यायलाच तयार होईना.

"अवो, उतरा ना. भाकर थंडी होऊन राहिली."

"वरच पाठव! किल्ल्यातल्या हमामात बादशहालाबी असं सुख नसेल, भागा. मी आता चैत्रातच उतरीन."

"लोक हसतात. म्हणतात, दगाभाऊ अंडी उबवायला बसले."

"उबवीन की! चांदनीला दिलेल्या लेकीला सांगावा धाड, म्हणावं बापाला पिल्लं झाली!"

भागाबाईही हसली. गेले दोन दिवस खोलीत शिरलं की तिला एक वास येत होता, सरकी तव्यावर भाजल्यासारखा, गोडसर करपट. मालूबाईचं दूध आत सांडलं असेल, असं तिनं धरून घेतलं.

संक्रांतीनंतरच्या चौथ्या दिवशी गल्लीतल्या मराठी शाळेच्या व्हरांड्यात हळदीकुंकू होतं. शाळेच्या नंदकुमार गुरुजींची बायको मंगला दरसाल ते करायची, आणि गुरुजींना त्यात पाव तास बोलायला मिळायचा. गुरुजी आकाशाचे वेडे. बुऱ्हाणपूरच्या पोस्टात त्यांच्या नावाचं एक इंग्रजी मासिक बोटीनं चार महिने शिळं होऊन यायचं, आणि ते आलं की पुढचे आठ दिवस गुरुजींना पृथ्वीवरचं काही विचारण्यात अर्थ नसे. मंगलाबाईंनी बजावलं होतं, पाव तास सूर्याचं मकरसंक्रमण, मग वाण, बाकी आकाश घरी. गुरुजींनी पाच मिनिटांत सूर्य मकरेत ढकलला आणि नवताऱ्यावर आले.

भागाबाई खांबाला टेकून बसली होती. तिच्या मांडीला मांडी लावून लीलाधर आडत्याची बायको कोकिळा बसली होती, अंगभर रेशीम आणि तोंडभर विडा.

"काय गं भागा," कोकिळा सगळ्यांना ऐकू जाईल असं कुजबुजली, "तुमच्या कापसाला म्हणे ताप चढलाय? पाणीबिणी तर पाजलं नाहीत ना त्याला?"

बाया खिदळल्या. भागाबाई सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसली.

"पाणी कशाला पाजू, बाई? तुमचे मालक नेत नाहीत म्हणून झुरणीला लागलाय तो."

पुन्हा हशा. गुरुजींनी छडी टेबलावर आपटली.

"अधूनमधून आकाशात एक तारा उगवतो. काल तिथे काही नव्हतं, आज ठसठशीत दिसतोय. जुने लोक म्हणायचे, नवा जन्मला. म्हणून नवतारा. पण तो नवा नसतोच. म्हातारा असतो. जळून विझलेला. आकारानं आपल्या पृथ्वीएवढा, पण वजनानं सूर्याएवढा. त्याचा सुपारीएवढा तुकडा इथे आणला तर आपल्या गल्लीतले सगळे बैल जुंपूनही हलायचा नाही."

"मग पेटतो कसा विझलेला?" मागून कोणी विचारलं.

"तेच तर! अजून पुरतं ठरलेलं नाही हं. अलीकडचा तर्क आहे. पण तर्क असा, की तो एकटा नसतो. त्याच्या अगदी जवळ दुसरा तारा असतो, मोठा, फुगलेला, मऊ. दोघं एकमेकांभोवती फिरतात. आणि हा विझलेला त्या मोठ्याच्या अंगावरचा वायू ओढून ओढून घेतो."

"म्हणजे घरजावईच की!" कोकिळा म्हणाली. व्हरांडा हसून आडवा झाला. गुरुजीही हसले, पण आता त्यांना थांबवणं मंगलाबाईंच्याही हातात नव्हतं.

"ओढलेला वायू त्याच्या अंगावर बसतो. थरावर थर. वरच्या भारानं खालचा थर दाबला जातो, आणि दाबला की तापतो. आता एरवी कुठलीही वस्तू तापली की फुगते, फुगली की थोडी निवते. पण इथे ते इतकं दाबलेलं असतं की तापूनही फुगत नाही. म्हणून निवत नाही. ताप आतल्या आत चढत जातो. बाहेरून पाहाल तर काही नाही. वर्षानुवर्षं काही नाही. आणि एक दिवस ती रेषा ओलांडली जाते. मग पेपरात त्या हायड्रोजन बॉम्बचं येतं ना, तसा सबंध ताराभरचा थर एकदम पेटतो." गुरुजींनी पुढच्या रांगेकडे पाहिलं. समोर सगळी कापसाच्या घरची माणसं. त्यांना दाखला सापडला आणि त्यांचा चेहरा उजळला. "तुमच्यातलंच सांगतो. घरात कापसाचा ढीग आहे असं समजा. थरावर थर. वरचा थंड, गोजिरवाणा. आणि तळाशी, कोणाला न दिसता, ताप चढतोय."

भागाबाईच्या हातातला तिळाचा लाडू तोंडापर्यंत आला होता, तो तिथेच राहिला.

खालून येणारा वास. मालूबाईचं भांडं परवा काढलं तेव्हा तिनं बोट चोखलं होतं, भाजलं म्हणून. आणि वर, आढ्याखाली, अंगापुरत्या खड्ड्यात नवरा.

विचारावं का? काय विचारावं? गुरुजी, आमच्या कापसात पाणी आहे, असं? तेही आडत्याच्या बायकोच्या मांडीला मांडी लावून, आत्ताच सगळ्यांसमोर दात काढून झाल्यावर? उद्या सकाळी लीलाधर दारात उभा राहून ओरडेल, आणि दगा, ज्यानं उभ्या हयातीत दोन घागरींवर थेंब जाऊ दिला नाही, तो ढिगावरून खाली बघत बसेल, काही न कळून.

व्हरांड्याच्या दाराशी, भागाबाईपासून पाच हातांवर, शाळेचा शिपाई उखर्डू पाण्याचा पेला घेऊन उभा होता. उखर्डूनं शिपाई होण्याआधी तीस वर्षं सरकी काढायच्या कारखान्यात, जिनात, कापसाच्या गंजीवर काढली होती. तापलेल्या गंजीचं काय करायचं हे साऱ्या बुऱ्हाणपुरात त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसेल. भागाबाईनं त्याच्याकडे पाहिलंही. मग कोकिळाकडे पाहिलं. आणि हात वर केला.

"गुरुजी, त्या ताऱ्याचं विचारायचं होतं."

"विचारा, विचारा!"

"त्याच्यावरचा भार काढला तर? म्हणजे कोणी वरचे थर उचलले, तर तरी फुटेल का तो?"

गुरुजींना वीस वर्षांच्या मास्तरकीत असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांनी छडी खाली ठेवली.

"वा, भागाबाई! लाखातलं विचारलंत. भार काढला की दाब गेला. दाब गेला की फुगायला जागा झाली. फुगलं की निवलं. नाही फुटणार. थर काढले की ताप उतरला."

"पण तेवढ्या वर भार काढायला चढंल कोण, गुरुजी?" दाराशी उखर्डू म्हणाला. "भोपाळचा माणूस यावा लागंल, अर्ज देऊन."

सगळे हसले. भागाबाई उठली. मंगलाबाईंनी वाण पुढे केलं, ते तिला दिसलंच नाही.

घरी येईपर्यंत ती चालली की पळाली, तिला सांगता आलं नसतं. मधल्या खोलीचं दार उघडलं. वास आता दाट झाला होता. तिनं ढिगाच्या तळाशी हात घातला आणि झटक्यात ओढून घेतला.

"अवो! उतरा. आत्ताच्या आत्ता."

"आज तापाच्या पाळीचा दिवस हाय, भागा. थंडी भरून राहिली. जराशानं."

"जराशानं नाही. खाली तापलाय कापूस. पेटंल."

वरून हसू आलं, दात वाजत वाजत. "दोन घागरींनी कापूस पेटतो काय? बापाच्या वक्तापासून शिंपून राहिलो."

भागाबाई शिडीला धरून उभी राहिली. या एका वाक्यासाठी तिनं माप होण्याची वाट पाहिली होती, आणि ते आता असं बोलायला लागत होतं.

"दोन नाही. मी सहा आणखी घातल्या. बांबूनं. तुम्ही मळ्यात होते तवा."

मग दगाचं डोकं काठावर आलं. पांघरुणाबाहेर त्याला हुडहुडी भरली होती, पण आवाज शांत होता.

"सहा?"

"हो."

"कोणाला बोललीस?"

"नाही. गुरुजी म्हणाले, थर काढले की ताप उतरतो."

"त्यांना सांगितलं?"

"नाही वो. ताऱ्याचं विचारलं मी."

दगाला काय कळलं कोण जाणे. पण गुरुजी म्हणजे शिकलेला माणूस, आणि थर काढायचे ही गोष्ट त्याच्याही मनाला पटली. हात लावून पाहता येईल असं काम होतं ते. दार लोटून घे, तो म्हणाला, कोणी बघायला नको. मी वरून ढकलतो, तू खालून ओढून परसात टाक. तिनं म्हटलं, आधी तुम्ही उतरा. तो म्हणाला, उतरून पुन्हा चढायला अंगात जीव हाय का माझ्या? वर हाय तोच उरकून टाकतो.

भागाबाई टोपली घेऊन लागली. वरून कापूस ओंजळीओंजळीनं, मग ढिगाढिगानं येऊ लागला, पांढरा, स्वच्छ, थंड. तिला हायसं वाटलं. ती भराभर ओढत गेली. हातभर खाली गेल्यावर कापूस पिवळसर लागला. आणखी खाली तपकिरी, आणि बोटात धरला की त्याची राख होत होती. तिनं परसाचं दार सताड उघडलं, टोपली रिकामी करायला. तापीवरून येणारा संध्याकाळचा गार वारा घरात शिरला.

आतून आधी एक उसासा आला. घरातल्या कोणीतरी टाकावा तसा. तळाशी कापूस केव्हाच जळून पोकळ झाला होता, आणि वरच्या मऊ थरावर दगा गुडघ्यांवर बसून ढकलत होता. तो थर त्याच्यासकट खाली बसला. "भागा" असं तो म्हणाला, ओरडला नाही, हाक मारली, आणि मग वारा त्या पोकळीत गेला.

पुढचं गल्लीनं पाहिलं. आढं दिसेनासं झालं, कौलं हातहात उंच उडाली. भागाबाईनं काखेपर्यंत दोन्ही हात आगीत घातले आणि जे हाताला लागलं ते ओढलं. उखर्डू शाळेतून धावत आला तो लांबूनच बोंबलत होता, "उघडू नका रे! कापूस हलवू नका! दारं लावा, वारा बंद करा, आधी माणूस काढा!" तो पोचला तेव्हा लावायला दार उरलं नव्हतं. भिजवलेल्या गोधडीत गुंडाळून तिघांनी दगाला ओट्यावर आणलं.

तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होता. त्याला थंडी वाजत नव्हती. आगीच्याच रात्री एकदा शुद्ध आली तेव्हा त्यानं भागाबाईच्या बांधलेल्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाला, "पाण्याचं बोलू नको कोणापाशी. तुला खातील." त्यानंतर तो बोलला नाही.

कापूस पाच दिवस धुमसला. वरून पाणी ओतलं की काळी वाफ यायची आणि खालून पुन्हा धूर.

तिसऱ्या दिवशी नंदकुमार गुरुजी आले. त्याआधी उखर्डूनं त्यांना जिनातली पद्धत समजावून सांगितली होती, सहज, माणसं बोलतात तसं. गंज तापली की उघडायची नसते. दाबलेली असते तोवर धुमसते. वारा लागला की गेली. गुरुजी ते ऐकत ऐकत शाळेच्या पायरीवर बसले होते आणि मंगलाबाईंनी हाक मारली तरी उठले नव्हते.

आता ते जळक्या ओट्यावर भागाबाईसमोर बसले.

"भागाबाई, त्या दिवशी तुम्ही जे विचारलंत..."

"ताऱ्याचं विचारलं होतं मी, गुरुजी."

"हो. आणि मी कापसाचा दाखला दिला." गुरुजींनी ओट्यावरची राख बाजूला सारली. "ताऱ्याला पेटायला हवा लागत नाही. त्याची आगच निराळी. भार काढला की ताऱ्याचा ताप उतरेल, हे खरं आहे. पण कापसाला हवा लागते. तुम्ही भार काढलात आणि हवा आत गेली. एवढं एक वाक्य बोलायचं राहिलं माझ्याकडून. माहीत होतं मला. शाळेतल्या पोराला माहीत असतं. जमादार पंचनाम्याला येतोय, मी त्याला सांगतो, चूक माझी आहे."

भागाबाईनं दोन्ही हात मांडीवर घेतले. हातांच्या पट्ट्यांतून पाणी झिरपत होतं.

"मग तो विचारेल, हिनं ताऱ्याचं काहून विचारलं."

गुरुजी ओट्यावरून उठून बाजूला उभे राहिले.

जमादार नवा होता, ग्वाल्हेरकडून बदलून आलेला. त्याला मराठी येत नव्हती, आणि नोव्हेंबरापासून तशी गरजही उरली नव्हती. तो खाट ओढून बसला, गुडघ्यावर कागद घेतला. पंच म्हणून गुरुजी आणि उखर्डू. गल्ली दारात दाटलेली, तिच्यात पुढे लीलाधर आडत्या, मागे डोक्यावर पदर घेतलेली कोकिळा.

"आग कैसे लगी, माई?"

"चिलमीनं," भागाबाई म्हणाली.

"आदमी चिलम पीता था?"

"हो. पडल्यापडल्या प्यायचे."

दगानं जन्मात चिलीम ओढली नव्हती. तंबाखूच्या वासानं त्याला शिंका यायच्या, आणि तो शिंकला की गल्लीतली कबुतरं उडायची, हे दारात उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. उखर्डूनं खाली वाकून एक जळका पुंजका उचलला, बोटात चोळला, नाकाशी नेला. ओल्या कापसाच्या राखेला वेगळा वास असतो आणि तीस वर्षांत तो त्यानं पुष्कळदा घेतला होता. त्यानं लीलाधराकडे पाहिलं, भागाबाईच्या हातांकडे पाहिलं, आणि पुंजका खिशात घातला.

"पीते थे, साहब," तो म्हणाला. "बहोत पीते थे."

जमादारानं लिहिलं, वाचून दाखवलं, "मृतक को चिलम की लत थी." उखर्डूनं सही केली. कागद गुरुजींकडे आला. त्यांनी टाक बुडवला आणि कागदावर धरला. शाई टोकाशी जमून कागदावर एक डाग पडला, तरी हात हलेना. जमादारानं वर पाहिलं.

"क्या हुआ, मास्टरजी? हिंदी नहीं समझे?"

"समजलं," गुरुजी म्हणाले, आणि सही केली.

भागाबाईच्या अंगठ्यावरची पट्टी सोडायला लागली. खाली कातडी नव्हती. जमादारानं तिचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला. रेघ एकही उठली नाही, नुसता ओला काळा गोळा उठला. जमादार त्याकडे क्षणभर बघत राहिला, मग फुंकर घालून त्यानं तो वाळवला.